प्रश्न उद्भवत नाही

आमदार असताना पाच वर्षं मी प्रत्येक बोलण्याची सुरुवात उभं राहून दोनच शब्दांनी केली: "अध्यक्ष महोदय." विधानसभेत बोलायचं तर तोंड त्या एका खुर्चीकडे करावं लागतं. समोरचा मंत्री काहीही सांगत असो, शेजारचा सदस्य टोमणे मारत असो, आपण बोलायचं ते अध्यक्षांशी. मला ही पद्धत फार मानवली, कारण मी तापट आहे. माहेरी आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. बाजारात गिऱ्हाइकानं मेथीची जुडी उलटीपालटी करून परत टाकली की माझी आई जे काही बोलायची, त्या तालमीत मी वाढले. मंत्र्यांच्या डोळ्यांत बघून बोलले असते तर रोज एक भांडण झालं असतं. खुर्चीकडे बघून बोलल्यामुळे निम्मा राग वाटेतच विझायचा.

ही सवय पुढे मला चारचौघांत भोवली. ती भोवली म्हणून काय भलं झालं, ते मला सांगायचं आहे.

मी आमदार झाले याचं आश्चर्य सगळ्यात जास्त आमच्या घराला वाटलं. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, शिफ्टची नोकरी. निकालाच्या दिवशी त्याची सकाळची पाळी होती आणि त्यानं ती बदलून घेतली नाही. म्हणाला, "तू निवडून आलीस तरी बॉयलर बंद ठेवता येत नाही." संध्याकाळी घरी आला तेव्हा दारात गुलाल, फटाक्यांचा कचरा आणि शंभरेक माणसं. त्यानं डबा आत ठेवला, हात धुतले आणि बाहेर येऊन सगळ्यांना चहा वाटायला लागला. पुढची पाच वर्षं त्यानं कुणाच्याही कामात नाक खुपसलं नाही. आमच्याकडे बाईच्या खुर्चीवर नवराच बसायची चाल काही नवी नाही, त्यामुळे माझ्या नवऱ्याचे हे उपकार मी कधी विसरले नाही.

माझ्या मतदारसंघाचं एक टोक इगतपुरीच्या बाजूला डोंगरात जात होतं. तिथला पाऊस नाशिककराला सांगून कळत नाही. आमच्याकडे छत्री विसरली तर माणूस भिजतो, तिकडे छत्री असली तरी भिजतो. आमदारकीच्या दुसऱ्या पावसाळ्यात मी त्या बाजूच्या एका वाडीला निघाले. वाडी दिसत होती, पण तिथं पोहोचता येत नव्हतं. मध्ये ओहळ. उन्हाळ्यात बायका त्यात भांडी घासतात एवढाच तो, पण त्या दिवशी मातकट पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं. पलीकडे वाडीतली माणसं आम्हाला भेटायला उभी होती. सगळ्यात पुढे एक बाई, डोक्यावर पोत्याची खोळ, पोटाशी तान्हं मूल बांधलेलं, आणि तिच्या बाजूला दहाएक वर्षांची एक मुलगी.

मी इकडून ओरडून विचारलं, "काय अडचण आहे?"

ती बाई तिकडून ओरडली, "आडचण ही काय, तुमच्या म्होरंच वाहती हाय!"

माझ्याबरोबरचे सगळे हसले. मीही हसले. पण मग तिनं पुढचं सांगितलं. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा आम्ही उभे होतो त्या काठाला. बाजूला उभी असलेली मुलगी तिची थोरली, चौथी पास झालेली. जूनमध्ये आठवडाभर शाळेत आली आणि मग ओहळ भरला. आश्रमशाळेत ठेवून पाहिली, पण ती तिथं राहीना, तापानं फणफणून परत आली. आता दिवाळीपर्यंत घरी बसायचं, आणि दिवाळीनंतर मास्तर म्हणणार की बाई, हिचं सगळं मागं पडलं.

"एक साकव घालून द्या, ताई," ती म्हणाली. "गाडीचा नगं. पोरीच्या पायापुरता."

साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. त्यात एका आमदाराला जड वाटावं असं काही नव्हतं. मी काठावरूनच ओरडून शब्द दिला. आमदार नवा असला की शब्द फार पटकन देतो.

काम मागून झालं, पाठपुरावा करून झाला, आणि मग मी विधानसभेत प्रश्न टाकला. विधानसभेच्या प्रश्नाची भाषा ठरलेली असते. "हे खरे आहे काय?" अशा सुरात एकेक मुद्दा विचारायचा. ओहळामुळे वाडीचा संपर्क तुटतो, हे खरे आहे काय? त्यामुळे मुलींचे शिक्षण थांबते, हे खरे आहे काय? असल्यास, साकव बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली? उत्तरंही तशीच ठरलेली. पहिल्याला आलं, "हे अंशतः खरे आहे." दुसऱ्याला, "पर्यायी रस्ता उपलब्ध आहे." आणि तिसऱ्याला, "प्रश्न उद्भवत नाही."

मी उभी राहिले आणि अध्यक्ष महोदयांना पुष्कळ काही सांगितलं. वेळ संपल्याची घंटा झाली आणि मला बसवण्यात आलं.

हिवाळ्यात ओहळ आटल्यावर मी पायी वाडीत गेले. जाऊन सांगायला हवं होतं आणि ते काम मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नव्हते. त्या बाईच्या अंगणात बसून मी सरकारचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हंजी काय?"

"म्हणजे, असा काही प्रश्न तयारच होत नाही, असं त्यांचं म्हणणं."

"आन् मंग दरसाल आमच्या म्होरून वाहून जातो त्यो काय?"

मग ती तो शब्द तोंडात घोळवत राहिली. "परश्न उदभवत नाय," असं दोनतीनदा पुटपुटली आणि मग खुदकन हसली. तेवढ्यात शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "अगं, आमदारबाईला च्या पाजून झाला का?" तर ही म्हणते कशी, "दूध कुठाय घरात? परश्नच उदभवत नाय!" अंगणभर हशा पिकला. मला कोरा चहा मिळाला.

त्या दिवसापासून ते वाडीचं बोलणंच होऊन गेलं. मी गेले की कानावर पडायचं. सासऱ्यानं बिडीला पैसे मागितले, परश्न उदभवत नाय. कोंबडं विकायचं का? परश्नच उदभवत नाय. ज्या उत्तरानं माझ्या डोक्याची शीर उठली होती, त्याचा या लोकांनी खेळ करून टाकला. मला ते जमलं नसतं. मी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे मशीन बसलं आणि मी प्रश्न उद्भवत नाही म्हटलं, तर अर्धा जिल्हा अंधारात बसेल." तरी पुढे आमच्या घरातही ते शिरलंच. सुट्टी मिळेल का, उद्भवत नाही. भाजीला मीठ कमी आहे का, उद्भवत नाही.

हसण्यावारी गेलं तरी थोरलीची शाळा गेली ती गेलीच. पुढच्या पावसाळ्यातही ती घरी बसली आणि मग तिचं नाव आपोआप मागे पडलं. आईबापाबरोबर भात लावायला जायची, आणि हंगामात निफाडकडे द्राक्षांच्या कामाला. एकदा मीच तिला तिकडच्या एका बागेत पाहिलं. मंडपाखाली हात वर करून घड विरळ करत होती. मला बघून गोड हसली. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, आणि तो राग कुणाकडे तोंड करून बोलावा ते कळेना. तिची आई त्याच बागेत होती. म्हणाली, "थोरलीचं झालं ते झालं, ताई. धाकटी पाचवीत जायच्या आत तेवढं बघा." धाकटी म्हणजे पोटाशी बांधलेली ती तान्ही. आता ती द्राक्षाच्या क्रेटमध्ये बसून माती खात होती.

तेवढी मुदत मला पुष्कळ वाटली. पण मग मी निवडणूक हरले.

हरणं मी फारसं मनाला लावून घेतलं नाही असं सांगितलं तर ते अंशतः खरे आहे. अंगणातल्या खुर्च्या गेल्या, फोन गप्प झाला, आणि रोज सकाळी "ताई आहेत का" म्हणत येणारी माणसं आमच्या गल्लीचा रस्ता विसरली. वर्ष सरायच्या आत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि आमच्या गटातून मी उभी राहिले. त्यावर लोकांची जी करमणूक झाली, काय सांगू. आमच्याकडे माणूस जिल्हा परिषदेतून आमदारकीला जातो. मी उलटी निघाले होते. एकानं तोंडावर विचारलं, "ताई, पुढच्या वेळी ग्रामपंचायत का?" नवरा म्हणाला, "पोरं पहिलीतून दुसरीत जातात. तू दुसरीतून पहिलीत चाललीस. पाया पक्का होईल."

निवडून आले, आणि पहिली अडीच वर्षं मी साधी सदस्य होते. त्या सभागृहातही मी उभी राहायचे आणि अध्यक्ष महोदयांना साकवाबद्दल सांगायचे. नोंद घेण्यात आली, असं दर वेळी म्हणत. मग पुढच्या अडीच वर्षांसाठी अध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं आणि जुळवाजुळव होता होता ते माझ्याकडे आलं. जिल्हा परिषदेला लोक मिनी मंत्रालय म्हणतात, शाळा, दवाखाने, गावरस्ते, सगळं तिथून चालतं. आमदार असताना ज्यांच्याकडे मी पाठपुरावा करत होते तेच अधिकारी आता केबिनमध्ये येऊन "मॅडम, आदेश?" म्हणायला लागले. वाडीतली धाकटी तेव्हा दुसरीत होती.

आणि मग ती सर्वसाधारण सभा आली, माझ्या अध्यक्षतेखालची पहिलीच. समोर सगळे सदस्य, बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी, पलीकडे खातेप्रमुख. मी नवी इरकल नेसले होते आणि मधल्या उंच खुर्चीवर बसून, जमेल तेवढा, शांत चेहरा ठेवला होता. त्या डोंगराच्या बाजूचा एक सदस्य उभा राहिला, विरोधी बाकावरचा. त्यानं नेमका साकवाचा विषय काढला. बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता उत्तराला उठले. निवृत्तीला आलेले, पोट थोडं पुढे, स्वभावानं गरीब गृहस्थ. त्यांनी चष्मा नीट केला आणि सांगितलं, "सदर ठिकाणी पर्यायी रस्ता उपलब्ध असल्यानं प्रश्न उद्भवत नाही."

मला काय झालं ते मला कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय. मी ताडकन उठले, बोट वर केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महोदय!"

आणि थांबले, कारण बघायला समोर खुर्ची नव्हती.

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि त्यात तोंड लपवलं. विरोधी सदस्य अजून उभाच होता. त्यानं अगदी नम्रपणे हात जोडले. "ताई," तो म्हणाला, "अध्यक्ष आपणच आहात."

मग जो हशा उठला तो आजही माझ्या कानात आहे. सदस्य बाकं वाजवत होते, शिपाई दारात पोट धरून उभा होता, आणि ते गरीब अभियंतासुद्धा फाइलआड हसत होते. मी लाल झाले. तोंडात शिवी आली होती ती गिळली. आता राग वाटेत विझवायला समोर खुर्चीच नव्हती, तिच्यावर मी बसले होते. आणि बसता बसता मला पहिल्यांदा लख्ख कळलं की आता विचारायचं कुणालाच नाही. इतकी वर्षं मी फार चांगलं विचारत होते. टाळ्या मिळायच्या, पेपरात चौकट यायची. त्या चौकटींनी थोरलीला ओहळाच्या पलीकडे काही नेलं नाही.

हसणं ओसरल्यावर मी म्हणाले, "बरोबर आहे. अध्यक्ष मीच आहे, तेव्हा उत्तरही मीच देते. पर्यायी रस्ता पाहिल्याशिवाय देणार नाही. येत्या पावसाळ्यात साहेब आणि मी त्या रस्त्यानं चालत जाऊ. सन्माननीय सदस्यांनीही यावं."

त्या दिवशी मला हसलेल्या प्रत्येक माणसाचे मी आज आभार मानते. ते हसले नसते तर मी पुढची अडीच वर्षंही कुणाकडे तरी बोट दाखवण्यात घालवली असती.

पावसाळा आला आणि आम्ही गेलो. अभियंता साहेबांनी नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते. पर्यायी रस्ता वरच्या एका धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून, मग कारवीच्या रानातून, मग एका शेताच्या बांधावरून वाडीला जात होता. वाट दाखवायला धाकटीची आई पुढे होती, अनवाणी. सारखी मागे वळून म्हणायची, "या, या, हितंच तर हाय." विरोधी सदस्य बांधावरून घसरून भाताच्या खाचरात बसला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "अध्यक्ष महोदय, नोंद घ्या." माझी चप्पल चिखलानं ठेवून घेतली. जीप ज्या काठाला उभी केली होती, तो काठ वाडीतून समोर दगड फेकण्याच्या अंतरावर दिसत होता आणि तिथून इथं यायला आमची सकाळ संपली होती.

अभियंता साहेब एका खडकावर टेकले. श्वास लागला होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. ओहळाकडे बघत बघत म्हणाले, "मॅडम, नकाशावर हा रस्ता अगदी सरळ आहे हो."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ती बाई म्हणाली, "सायेब, मंग त्यो नकाशा आमाला बी द्या एक. त्याच्यावरून धाडते पोरीला."

साहेब आधी कसनुसे झाले आणि मग इतके हसले की त्यांना खोकला आला. तिनंच त्यांना पाणी दिलं. माझं बोलायचं राहून गेलं ते बरंच झालं, मी काही इतकं चांगलं बोलले नसते. तिथून उठताना साहेबांनी बूट काढून हातात घेतले आणि पाण्याच्या कडेकडेनं चालत, खडक कुठे पक्का आहे ते पाहायला लागले. त्या दिवसापासून तो साकव त्यांचा झाला.

तरीही वेळ लागला. ओहळाचा एक काठ वनखात्याच्या जमिनीत होता, त्याची परवानगी हवी. ती येईपर्यंत धाकटी तिसरीतून चौथीत गेली. साहेब स्वतः फाइल घेऊन फिरायचे. सहसा फाइल माणसाला फिरवते, इथं उलटं होतं. तो विरोधी सदस्य, ज्यानं मला सभेत उघडं पाडलं, त्यानं जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून साकवाला रक्कम देण्याच्या ठरावावर पहिला हात वर केला. त्याच्या पक्षाचे लोक त्याच्याकडे बघत राहिले. मी त्याला नंतर चहाला बोलावलं आणि म्हटलं, "माझ्यावर मेहरबानी कशाला?" तो म्हणाला, "तुमच्यावर कुठे? त्या खाचरात मी बसलो होतो."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. थंडीत दोन्ही काठांचे खांब उभे राहिले. आणि वर स्लॅब पडायच्या आधी आमची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि आम्ही सगळे एका दिवसात माजी झालो. अभियंता साहेबही त्याच सुमारास निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ते केबिनमध्ये आले, टेबलावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडे बघून म्हणाले, "मॅडम, खांब पक्के आहेत." त्यांना एवढंच सांगता येत होतं.

शिपायानं गाडीतली माझी शाल आणि पाण्याची बाटली आणून दिली. मी रिक्षानं घरी आले. रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत, कितीही म्हटलं तरी नाही. त्याच्या आईच्या ऑपरेशनला मी कधीतरी फोन केला होता म्हणे. मला तो फोन आठवतसुद्धा नव्हता. पद गेल्यावर पहिल्याच दिवशी हे घडलं आणि मी रिक्षात बसून रडले, हे मान्य करायला मला लाज नाही.

जून गेला. साकवाचं काय झालं ते फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. माजी माणसानं फोन केला की पलीकडून "बघतो ताई" येतं, आणि साकवाबद्दल ते ऐकायची माझी तयारी नव्हती. डोळ्यांपुढे ते दोन खांब यायचे, मधून पाणी, आणि पलीकडे कुणीतरी उभं. धाकटी आता पाचवीत होती, किंवा घरी होती, या दोन्हींपैकी काहीतरी एक खरं होतं. माझी झोप उडालेली पाहून नवराच एके सकाळी म्हणाला, "चल, बघून येऊ." तोही आता निवृत्त, आम्ही दोघेही रिकामे. एसटीनं घोटीपर्यंत गेलो, पुढे काळीपिवळीत दाटीवाटीनं. पाऊस असा की काच पुसणारा पोरगा ड्रायव्हरच्या बाजूला मुद्दाम बसवला होता. शेवटचा टप्पा आम्ही दोघं एका छत्रीत चाललो. मी पुढे बघतच नव्हते, चिखलात पाय कुठे पडतो तेवढं बघत होते. नवऱ्यानं माझं कोपर धरलं आणि म्हणाला, "अगं, वर बघ."

साकव होता.

एका बाजूला कठडा झाला होता, दुसऱ्या बाजूला अजून नुसता बांबू बांधलेला. उद्घाटन झालेलं नव्हतं, कुणाच्या नावाची पाटी नव्हती. मधोमध एक म्हैस उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. खालून तेच मातकट पाणी काठ धरून चाललं होतं आणि वरून जगाचं चाललं होतं. मला इतका आनंद झाला की मी म्हशीला नमस्कार केला. नवरा म्हणाला, "तिनं नाही बांधला."

धाकटीची आई वाडीच्या काठाला उभी होती, डोक्यावर खोळ, शाळा सुटायची वाट बघत. मला ओळखून पळत साकवावर आली. माझे दोन्ही हात धरले. मग एकदम म्हणाली, "गाडी कुठाय तुमची?"

"गाडी गेली. मी आता कुणी नाही."

"मंग बेस झालं. बसा निवांत," ती म्हणाली. "थोरली बी घरी हाय. आज दूध हाय."

तेवढ्यात आमच्या मागून, शाळेच्या बाजूनं, पोरींचा एक घोळका आला. प्लॅस्टिकच्या खोळी, पाठीवर दप्तरं, पायात जमतील तशा चपला. आम्हाला पाहून साकवावर रांग थांबली. त्यातली एक उंच मानेची, डोळे आईचे. मला ती क्रेटमध्ये बसून माती खाताना आठवत होती. तिला काय बोलावं ते मला सुचेना. मग माझ्या तोंडून तेच आलं जे आयुष्यभर येत आलं. मी उभी होतेच. मान ताठ केली आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय. ओहळाला पाणी आल्यामुळे पाचवीतील एक मुलगी यंदा घरी बसली आहे, हे खरे आहे काय?"

आईनं तोंडाला पदर लावला. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी मात्र गोंधळली नाही. जन्मल्यापासून तिनं हे घरात ऐकलं होतं. तिनं दप्तराचा पट्टा वर ओढला, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी उभी राहिली आणि उत्तर दिलं.

"प्रश्न उद्भवत नाही."

तिच्या आईसारखं "परश्न" नव्हे, "नाय" नव्हे. स्वच्छ "प्रश्न", आणि पुस्तकातलं "नाही". नवरा माझ्याकडे बघत होता. त्यानं छत्री माझ्या डोक्यावर सरकवली, स्वतः भिजत राहिला आणि म्हणाला, "सन्माननीय सदस्यांना उत्तर मिळालं आहे. त्यांनी आता खाली बसावं."

मी तिथंच साकवाच्या ओल्या कठड्याला टेकून खाली बसले. पोरी बाजूनं वाट काढत घरी गेल्या.